तक्त्यात नसलेला उतारा

आमच्या चर्चच्या मंडळीचा वाचन-तक्ता मी करते. बावीस वर्षं झाली. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आणि दर दिवशी पवित्र शास्त्रातला एक उतारा, असा तो साधा तक्ता. पाळक आले, पाळक बदलून गेले, तक्ता माझ्याकडेच राहिला. माझं आयुष्य कोर्टात स्टेनोग्राफी करण्यात गेलं, त्यामुळे रकाने आणि आकडे यांत माझी चूक होत नाही असा मोहननगरातल्या सगळ्यांचा समज आहे. शिवाय माझ्या हातातलं काम काढून घ्यायची कोणाची छाती नाही, हेही एक कारण आहेच.

वाचायची रीत मोठ्या पाळकसाहेबांनी घालून दिलेली. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सकाळी चहाच्या आधी बसायचं आणि तो एकच उतारा चारदा घ्यायचा. पहिल्यांदा मोठ्यानं, नुसता कानांसाठी. दुसऱ्यांदा हळू, आणि जो शब्द टोचेल तिथं थांबायचं. तिसऱ्यांदा वाचून झालं की त्या शब्दापाशी गप्प बसायचं. चौथ्यांदा पुस्तक मिटायचं आणि जे वाचलं ते आपल्या शब्दांत देवाला परत सांगायचं. मग चहा. आता चारदा कोण वाचतं ते मला विचारू नका. सकाळी सहाला मोबाइलवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवणारे पुष्कळ आहेत, त्यांचं चौथं वाचन मी तरी पाहिलेलं नाही.

या तक्त्यातून मी सात वर्षांपूर्वी एक उतारा काढून टाकला. मुद्दाम काढला.

रूबेन माझा एकुलता एक. त्याचे वडील तो दहावीत असतानाच गेले होते. चोविसाव्या वर्षी, २०१८च्या ऑक्टोबरमध्ये, त्याला डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. सोमवारी तो अंग दुखतं म्हणून सुट्टी घेऊन झोपला होता आणि शनिवारी आम्ही त्याला जरीपटक्याच्या कबरस्थानात घेऊन चाललो होतो. रस्त्यात सिग्नल लागला. शववाहिका थांबली, सिग्नल सुटला, शववाहिका निघाली. मला ते थांबणं अजून आठवतं. कबरीपाशी जो येई तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "रडू नका, ताई." पन्नास जणांनी तरी म्हटलं असेल. मला इतका संताप आला की मी खरंच रडले नाही. त्यांना दाखवायचं म्हणून रडले नाही, आणि नंतर रडायचं राहूनच गेलं.

त्या गर्दीत एकच बाई काही बोलली नाही. सिंधूताई. मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झालेली, मोहननगरच्या मागच्या गल्लीत मुलगा-सुनेकडे राहणारी. ती माझ्या घरी आली, ओट्यावर पाच दिवसांची भांडी पडली होती ती घासून पालथी घातली, भाकरी टाकल्या, झाकल्या आणि निघून गेली. असं तिनं तीन दिवस केलं. मी तिला साधं बस म्हटलं नाही.

डिसेंबर आला. तक्ता करायचा होता. दरवर्षी मी सांगायची आणि रूबेन टाइप करायचा, मधून मधून मला चिडवायचा, "आई, वंशावळीचे दोन उतारे कमी कर, लोक झोपतात." त्या वर्षी मी एकटी बसले. लूक सात आलं. लूकच्या शुभवर्तमानाचा हा सातवा अध्याय; पहिल्या दहा ओव्या शताधिपतीच्या आजारी दासाच्या. त्यानंतर ती गोष्ट. गावाच्या वेशीतून प्रेत बाहेर निघालंय, आईचा एकुलता एक मुलगा, आई विधवा, मागे सगळं गाव. प्रभू तिला बघतो, कळवळतो, रडू नको म्हणतो, तिरडीला हात लावतो. मुलगा उठून बसतो, बोलायला लागतो, आणि तो त्याला आईच्या हवाली करतो.

मृतांना उठवल्याच्या बाकी गोष्टींशी माझं भांडण नव्हतं. याईराची मुलगी तक्त्यात राहिली, लाजर राहिला. पण ही बाई म्हणजे मीच होते, अगदी मागच्या गर्दीसकट. तिला प्रभू वेशीत भेटला. मी सिग्नलला थांबले होते तेव्हा कोणी भेटलं नाही. आणि रडू नको म्हणायचा त्याला हक्क होता, कारण त्याच्या हातात काहीतरी होतं. मी एका दिवसाला दहाव्या ओवीपर्यंतचा उतारा लिहिला आणि दुसऱ्या दिवसाला अठराव्यापासून सुरुवात केली. मधल्या सात ओव्या गेल्या. दिवस कमी पडू नये म्हणून एका लांब वंशावळीचे दोन तुकडे केले. लोक झोपले तर झोपोत.

मला वाटलं होतं, कोणी तरी विचारेल. वर्ष गेलं, कोणी विचारलं नाही. दुसरं गेलं, तिसरं गेलं, दोन पाळक बदलले. याचाही मला रागच आला. सकाळी उठून चारदा वाचणाऱ्या मंडळीत एकाच्याही लक्षात येऊ नये? मीही माझ्या शास्त्रातलं ते पान कपड्याच्या चिमट्यानं पुढच्या पानाला जोडून टाकलं होतं. पुस्तक मिटलं की चिमटा बाहेर दिसायचा. तोही कोणाला दिसला नाही.

या वर्षी फेब्रुवारीत सिंधूताईचा मुलगा गेला. याकोब नाव. बुटीबोरीला कारखान्यांतले पाइप, टाक्या रंगवायची कामं करायचा. कावीळ अंगावर काढली, कळलं तेव्हा उशीर झाला होता. एकेचाळीस वर्षांचा होता, मागे बायको मेघा. मी भेटायला गेले, दहा मिनिटं बसले. सिंधूताई भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडात धरून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "रडू नका, सिंधूताई." जे ऐकून मी पन्नास जणांना मनात शिव्या घातल्या होत्या, तेच मी बोलले. घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती. भांडी घासायला मात्र मी गेले नाही.

मार्चमध्ये एका रविवारी उपासना सुटल्यावर तिनं मला पायऱ्यांवर गाठलं.

"बाई," ती म्हणाली. मी तिला वाचायला शिकवलं, म्हणून ती मला बाईच म्हणते. पंधरा वर्षांपूर्वी रविवारी दुपारी मी मोठ्या बायकांचा वर्ग घ्यायची, त्यात ही पंचावन्नाव्या वर्षी अ आ इ ई शिकली. "बाई, थे विधवेच्या पोराची गोष्ट कधी येते जी तक्त्यात?"

"कोणती?" मी म्हटलं, जशी काही मला कळलीच नाही.

"मोठे पाळकसायेब सांगत पहिले. पोराले तिरडीवर नेत रायते, अन् प्रभू रस्त्यातच भेटते. याकोब गेला तवापासून मी रोज वाट पाहून राहिली. आज येईन, उद्या येईन. लूक तं संपून गेलं न जी."

ऊन डोक्यावर आलं होतं, मागे बायका उभ्या होत्या. खरं सांगायचं तर ऊन आणि बायका ही कारणं नव्हती. मला पकडल्यासारखं झालं, आणि पकडलं गेलं की मी चिडते.

"तक्त्यातच पाहा," मी म्हटलं. "असेल तर सापडेल. मला काय तीनशे पासष्ट उतारे तोंडपाठ आहेत?"

तिनं मान हलवली, "हो जी," म्हणाली आणि गेली. मला ते तोंडपाठ आहेत, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

त्यानंतर ती मला विचारायला आली नाही. मे महिन्यात ती उपासनेला येईनाशी झाली, उन्हामुळे येत नसेल असं सगळ्यांनी धरलं. जूनमध्ये कोणी तरी म्हणालं की तिच्या पायांवर सूज आहे, श्वास लागतो. मी जाईन जाईन करत राहिले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मेघा बाजारात भेटली. डोळे खोल गेले होते तिचे.

"बाई, तुमचे जुने तक्ते आहेत का जी अजून?" तिनं विचारलं. "आमच्याकडचे संपत आले. आईले पाह्यजेन."

"जुने तक्ते कशाला?"

"का माईत. मार्चपासून तेच करून राहिली थे. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरनं सांगतलं का आता काही नाई, आराम करू द्या. तरी उशीले टेकून बसते अन् तक्ता काढते. एक एक उतारा पुस्तकात शोधते, बोट ठेवून वाचते, लाल फुली मारते. काहून करता विचारलं तं म्हणते, बाईनं सांगतलं, असंन तं सापडंन."

मी तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसले. मेघा घाबरली, पाणी आणते म्हणाली. मला पाणी नको होतं.

त्याच दुपारी मी शास्त्र पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. दाराच्या मागे खिळ्याला जाड तार होती आणि त्या तारेत आठ वर्षांचे तक्ते ओवलेले होते, वर या वर्षाचा, खाली जुने. सिंधूताई पलंगावर झोपलेली होती. मेघानं तक्ते काढून माझ्या मांडीवर ठेवले. मी २०२५ पाहिला. शुभवर्तमानांचे नव्वद एक उतारे असतात, प्रत्येकापुढे लाल पेन्सिलीची फुली. याकोबची खुणा करायची पेन्सिल होती ती. २०२४, सगळ्यांपुढे फुली. २०२३. २०२२. मंडळीतल्या कोणाही शिकलेल्या माणसानं दोन संध्याकाळी शुभवर्तमानं पानोपान चाळली असती आणि गोष्ट काढली असती. पण तिला वाचायला मी शिकवलं होतं, आणि वर्गात मीच दटावलं होतं, तक्त्यात असेल तेवढंच वाचायचं, इकडंतिकडं पानं उलटायची नाहीत, मन भटकतं. ती पंधरा वर्षं तसंच करत आली होती. प्रत्येक वर्षाच्या तक्त्यात वेगळं काही असेल, या आशेनं ती तेच उतारे पुन्हा पुन्हा बोटाखाली घेत होती.

२०१९चा तक्ता जवळजवळ पूर्ण झाला होता. शेवटचे आठ-नऊ उतारे राहिले होते, तिथल्या फुल्या वाकड्यातिकड्या झालेल्या. त्याच्या खाली २०१८चा होता. त्यावर लाल फुली एकही नव्हती. रूबेननं टाइप केलेला तो शेवटचा तक्ता. त्यात फेब्रुवारीच्या रकान्यात नीट लिहिलेलं होतं, लूक ७, ओवी ११ ते १७. अजून दोन-तीन दिवस तिच्या अंगात बळ राहिलं असतं तर ती तिथं पोचली असती. सहाशेच्या वर फुल्या मारल्या होत्या तिनं. आणि मार्चमध्ये पायऱ्यांवर मी फक्त 'लूक सात' एवढं म्हटलं असतं, तर झालं असतं.

सिंधूताईनं डोळे उघडले. मला ओळखलं. उठायला बघू लागली, मी तिला दाबून झोपवलं.

"नाई सापडली जी बाई," ती म्हणाली. श्वास मधेमधे तुटत होता. "एक तक्ता राहिला आता."

मी शास्त्र काढलं. चिमटा काढायला गेले तर तो गंजून कागदाला चिकटला होता, काढताना पानाचा कोपरा फाटला. तिचा चष्मा नाकावर ठेवला, पण तिला अक्षरं दिसेनात. तेव्हा मीच तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि पहिल्यांदा वाचलं. मोठ्यानं, नुसतं कानांसाठी. कोर्टात मी खुनाच्या जबान्या वाचून दाखवल्या आहेत, आवाज हलला नाही. इथं तिसऱ्याच ओळीला हलायला लागला. दुसऱ्यांदा हळू वाचलं. प्रभूनं त्या बाईला पाहिलं, इथं सिंधूताईचं बोट थांबलं. मी पुढं सरकवायला गेले तर ते सरकेना.

"हे होतं," ती म्हणाली. "पोरगा उठला थे मले आठवते. हे नाई आठवे, का त्यानं पहिले कोणाले पाह्यलं. सारे मेल्याले पायत असन. यानं तिले पाह्यलं."

मी तिचा चष्मा नाकावर सरळ केला. मग तिनं विचारलं.

"मंग हे तक्त्यात काहून नोतं जी?"

खोटं बोलायला जागा होती. चुकून राहिलं असं म्हटलं असतं तर तिनं लगेच मानलं असतं.

"मी काढलं," मी म्हटलं. "रूबेन गेला तेव्हापासून. तुम्ही पायऱ्यांवर विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

मेघा दारात उभी होती. तिच्या तोंडाकडं मला बघवेना. तीन महिने तिनं रात्रंदिवस या बाईचं केलं होतं, तिला मला घराबाहेर काढायचा अधिकार होता. सिंधूताई मात्र छताकडं बघत राहिली. पंखा फिरत होता. मला वाटलं, हिला ऐकू आलं नसावं.

"सात वर्सं," ती म्हणाली. "मंग तुमी बी नाई वाचलं?"

"नाही."

"एकदा बी नाई?"

"नाही वाचलं, सिंधूताई."

तिनं श्वास गोळा केला. मला वाटलं, आता ती क्षमा केली म्हणेल, किंवा तोंड फिरवेल. दोन्हींची माझी तयारी होती.

"मंग वाचा न जी," ती म्हणाली. "अजून दोनदा रायलं."

मी तिसऱ्यांदा वाचलं. त्याच्या आईच्या हवाली केलं, हे शब्द आले आणि मला पुढची ओळ दिसेना. नियमाप्रमाणे आता त्या शब्दापाशी गप्प बसायचं होतं. मी गप्प नाही बसले. मी रडले, तोंडातून आवाज काढून, नाक वाहेपर्यंत, चौसष्ट वर्षांच्या बाईनं रडू नये तशी. सिंधूताईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात हलका आणि कोरडा होता, आणि तिनं तोंडानं एक शब्द काढला नाही. रूबेनच्या वेळीही तिनं काढला नव्हता.

चौथ्यांदा पुस्तक मिटून देवाला सांगायचं असतं. मला काही सांगता आलं नाही. सिंधूताईनंच सांगितलं. "प्रभू, तू तिच्याकडे पाह्यलं. आमच्याकडे बी पाय. बाईकडे पाय, मेघाकडे पाय." मग म्हणाली, "आता फुली मारा."

मी २०१८चा तक्ता मांडीवर घेतला. फेब्रुवारीच्या रकान्यात, माझ्या मुलानं टाइप केलेल्या त्या ओळीपुढे, याकोबच्या लाल पेन्सिलीनं फुली मारली.

सिंधूताई त्यानंतर अकरा दिवस होती. मी रोज सकाळी जात होते. पहिले दोन दिवस मेघा माझ्याशी बोलली नाही. मी भांडी घासली. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी चहा टाकला. शेवटी शेवटी सिंधूताईला शुद्ध नव्हती, तरी आम्ही दोघी तिच्या उशाशी बसून त्या दिवसाचा उतारा चारदा वाचायचो. तिला जरीपटक्याला याकोबच्या शेजारी जागा मिळाली. जाताना तो सिग्नल लागला. आम्ही थांबलो आणि पुढे गेलो. तिथं कोणी तिरडीला हात लावला नाही, कोणी उठून बसलं नाही. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं, आणि मी देवाला तसं सांगते.

डिसेंबरमध्ये नवा तक्ता केला. लूक सात आलं. मी ओवी ११ ते १७ असं टाइप केलं, पुढं गेले, पूर्ण केला आणि पाळकसाहेबांना पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला. जूनमध्येच इथं बदलून आलेले तरुण गृहस्थ आहेत, बारकाईनं बघतात.

"ताई, तुमच्या तक्त्यात चूक काढायची म्हणजे मोठंच धाडस," ते हसून म्हणाले. "पण एकतीस डिसेंबरला दोन उतारे आलेत. यंदाच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, तर लूक सातमध्ये एक उतारा जास्तीचा दिसतोय."

वंशावळीचे दोन तुकडे पुन्हा जोडायचे राहून गेले होते.

"तो जास्तीचा नाही," मी म्हटलं. "सात वर्षं राहिला होता."

"राहिला होता? तो कसा?"

"रूबेन गेला त्या वर्षापासून."

ते नवीन, त्यांना कुठून ठाऊक असणार.

"रूबेन कोण, ताई?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होते, मधे मधे थांबावं लागत होतं. ते ऐकत होते. रडू नका, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.